मांजराची शिट्टी

आमच्या घरमालकांचा कोणत्याही हलत्या वस्तूवर विश्वास नव्हता. बैलगाडी, ओढ्याचं पाणी, लग्नाची वरात, उतारावरून येणारा पाहुणा, ही सगळी त्यांच्या मते कधीही हाताबाहेर जाणारी प्रकरणं होती. दारात कोणी लगबगीने आलं की ते हात आडवा धरून विचारत, "थांबा. ताब्यात हाय का?" पाहुणा बिचारा स्वतःकडे खालीवर बघे. मग "हाय" म्हटलं की त्याला ओटीवर बसायला मिळे.

यात त्यांचा दोष म्हणावा तर थोडाच. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी घाटात रेल्वेचे सांधेवाले म्हणून काढली होती. खंडाळ्याहून उतरणारी गाडी आवरेनाशी झाली तर ती दरीत जाऊ नये म्हणून घाटात एक फाटा काढलेला असे. तो डोंगराच्या अंगावर चढत जाऊन तिथेच संपे, म्हणजे सुटलेली गाडी चढता चढता दमून आपोआप थांबे. रूळ वळवणारा सांधा कायम त्या फाट्याकडे लावून ठेवायचा, आणि वरून येणाऱ्या गाडीने 'मी ताब्यात आहे' अशी शिट्टी दिली तरच खटका ओढून तिला खरी वाट द्यायची, एवढंच त्यांचं काम. पण एवढंच काम पंचवीस-तीस वर्षं केल्यावर माणसाचा स्वभाव कसा होणार? शिट्टी ऐकल्याशिवाय त्यांनी कोणाला चांगलं म्हटल्याचं मला आठवत नाही.

सारं भिसेगाव त्यांना बाबा म्हणे, म्हणून आम्हीही बाबाच म्हणायचो. प्लेगाच्या साथीच्या चारेक वर्षं आधी माझ्या यजमानांची कर्जतच्या शाळेवर बदली झाली, आणि लागूनच असलेल्या भिसेगावात बाबांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या आम्ही भाड्याने घेतल्या. मी तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांची. घाटावरची, भाकरीवर वाढलेली; इथे दोन्ही वेळा भात खाऊन माझं पोट भरलं की नाही ते मलाच कळत नसे. परक्या पुरुषमाणसासमोर यायची रीत नव्हती, म्हणून बाबांशी काही बोलायचं तर मी दाराआडून बोले. तेही एकदम बोललं तर चालत नसे. आधी खोकायचं, मग बोलायचं. एकदा मी न खोकता "बाबा, विहिरीचा दोर तुटला" म्हटलं, तर ते चार पावलं मागे सरले आणि म्हणाले, "मास्तरीणबाई, शिट्टी न देता येत जाऊ नका. तुमी मानूस हाय, गाडी नव्हं, पण सवय वाईट." त्यानंतर मी खोकतच राहिले. आमच्या यजमानांनी मला दोनदा अडुळशाचा काढाही पाजला.

बाबांच्या बायकोला आम्ही मावशी म्हणायचो. बाबा जितके जपून, तितकी ती मोकळी. ठेंगणी, गोल, दिवसभर तोंड आणि पाय चालू. आम्ही आलो तेव्हा बाबा अजून नोकरीत होते; आठवड्यातून एकदा घाटातून घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. घर चालायचं ते मावशीचं. सकाळी भात कांडून, पाखडून झाला की ती सुपात कण्या घेऊन परसात यायची. आमच्या परसात शेवग्याचं झाड होतं, कुंपणाला करवंदीच्या जाळ्या होत्या. ती दारातून बाहेर पडली की हातातली मूठ उघडण्याआधीच चिमण्या, होले, बुलबुल तिच्या पायांपाशी उतरलेले असत. सातभाई पाखरांचा गोंगाट तर इतका की मला घरात भाताच्या आधणाचा आवाजही ऐकू येत नसे. मावशी त्यांच्याशी भांडायची. "अगं, एकटीच खाशील व्हय सगळं? तिला दे की," असं कोणत्या तरी सातभाईला म्हणायची. तिच्याकडे एक मांजरही होतं, बायजा नावाचं, आणि त्या बायजेचा एक थोराड बोका. पण मावशी असेपर्यंत या घरात मांजर आणि पाखरं ही दोन वेगळी माणसं आहेत असं कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं.

बाबा नोकरीतून सुटून कायमचे घरी आले आणि सहा महिन्यांत मावशी तापाने गेली. जाण्याच्या आदल्या दिवशी ती बाबांना म्हणाली, "माझ्या पाखरांना उपाशी ठेवू नका. आन् बायजेला बांधून घालू नका, तिला सवय नाय." मी पदर पुढे ओढून उशाशी पेज घेऊन बसले होते, म्हणून मी हे माझ्या कानांनी ऐकलं. बाबांनी मान हलवली. ते रेल्वेतले माणूस. त्यांना वरून आलेला हुकूम म्हणजे हुकूम. पण हे दोन हुकूम एकाच रुळावर समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्या आहेत हे त्यांना तेरावं उरकल्यावर कळलं.

चौदाव्या दिवशी सकाळी बाबा सुपात कण्या घेऊन परसात गेले. मूठभर टाकल्या, हात मागे बांधून उभे राहिले. शेवग्यावर सगळी पाखरं होती, पण एकही खाली येईना. खाली, परसातल्या अंगणाच्या मधोमध, बायजा आपलं अंग चाटत बसली होती. बाबांनी एकदा झाडाकडे बघितलं, एकदा मांजराकडे, आणि अपघाताचं कारण त्यांच्या लेखी सापडलं. "लायनीवर मांजर हाय," ते म्हणाले. "पाखरं कशी उतरनार?"

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते बघायला भिसेगावची माणसं कुंपणाशी येऊन उभी राहत.

पहिल्यांदा बाबांनी मांजरांची नावं बदलली. बायजा वेळेवर जायची-यायची म्हणून ती 'मेल'. बोका कुठेही आडवा पडून राहायचा म्हणून तो 'मालगाडी'. मग त्यांनी परसदाराला खालून एक झरोका पाडला आणि त्या झरोक्यापासून दोन्ही बाजूंनी करवंदीच्या काट्यांची भिंत घालत एक बोळ काढला. त्या बोळाच्या शेवटी एक फळी तिरपी लावली होती. ती कुंपणावरून वर चढत थेट शेजारच्या गोठ्याच्या छपराला टेकायची. म्हणजे मांजर घरातून बाहेर पडलं की त्याला दुसरी वाटच नाही. काट्यांमधून सरळ जायचं, फळी चढायची आणि गोठ्यावर जाऊन दमून थांबायचं. बांधलं तर नव्हतंच. हुकूम मोडला नव्हता. "ह्याला सायडिंग म्हंत्यात," बाबा आमच्या यजमानांना समजावत होते. "मास्तर, मांजर ताब्यात हाय का नाय कळल्याबिगर त्याला मेन लायन द्यायची नाय. बास."

मेल रीतसर फळी चढून गेली. मालगाडी बोळाच्या मधोमध झोपला. त्याला मागून ढकलायला बाबांनी एक लांब बांबू केला होता, त्याला ते इंजीन म्हणत.

गोठा ज्यांचा होता त्या शेजारीणबाई मात्र तिसऱ्या दिवशी तावातावाने आल्या. दोन्ही मांजरं छपरावरून खाली उतरून त्यांच्या दुधाच्या हंड्यापाशी मुक्कामाला होती. "बाबा, तुमची मांजरं तुमच्या परसात ठेवा ना. माज्या गोठ्यात काय म्हनून?" त्यांनी विचारलं.

"ती तिथं आपसूक थांबनार, बाय. चढ हाय ना."

"थांबली कुठं? हंड्यात तोंड घालून बसल्यात."

बाबांनी जरा विचार केला. "तुमचा हंडा लायनीत हाय," ते म्हणाले. "तो हलवा."

त्यावर त्या बाई जे बोलल्या ते मी दाराआडून सगळं ऐकलं, पण इथे लिहिणार नाही. शेवटी फळीचं टोक आमच्या खोल्यांच्या कौलांकडे वळवण्यात आलं. पुढे दोन महिने आमच्या डोक्यावर मेल नि मालगाडी धावत असत, आणि यजमान मुलांच्या पाट्या तपासताना वर बघून हळूच म्हणत, "वेळेवर आहे."

हे सगळं गमतीचं होतं, आणि मी हसायचेही. पण सकाळी बाबा सूप घेऊन परसात गेले की मला हसू येत नसे. अंगणात आता एक मांजर नाही, मांजराची सावली नाही, तरी पाखरं उतरेनात. बाबा कण्या टाकायचे, दूर जाऊन पायरीवर बसायचे, श्वास रोखून. झाडावर चिवचिवाट व्हायचा, पण तो झाडावरच. बाबा कंटाळून आत गेल्यावर कावळे येऊन सगळं साफ करत. एकदा त्यांनी दाराच्या दिशेने, म्हणजे माझ्या दिशेने, पण माझ्याशी नाही, असं म्हटलं, "तिची पाखरं. माज्याकडून उपाशी चाललीत."    मलाही वाटायचं, पाखरं झाली तरी जीवच ती, मावशीविना रुसली असतील.

मग एके दिवशी बाबांनी शोध लावला. चूक मांजराच्या असण्यात नव्हती, मांजराच्या गुपचूप असण्यात होती. पाखरांना भरवसा का वाटत नाही? तर मांजर कुठून कधी येईल ते कळत नाही म्हणून. गाडी शिट्टी देते, माणसं रूळ सोडतात, गाडी जाते, माणसं परत येतात, कोणाचं काही बिघडत नाही. "मांजराला शिट्टी पायजे," ते यजमानांना म्हणाले. यजमान म्हणाले, "वा!" आमचे यजमान कोणत्याही गोष्टीला वा म्हणत.

बाबांनी मावशीची पेटी उघडली. तिच्या चांदीच्या तोरड्या त्यात फडक्यात बांधून ठेवल्या होत्या. बारीक घुंगरांच्या. लग्नापासून शेवटच्या तापापर्यंत त्या तिच्या पायांत होत्या. बाबा ओटीवर बसून त्यातली दोन घुंगरं सोडवत होते, आणि मी दाराच्या फटीतून बघत होते. तोरडी त्यांच्या हातात खुळखुळली. तेवढ्यात कौलावरची एक चिमणी खाली ओटीच्या कडेला उतरली. मग दुसरी. मान तिरकी करून दोघी बाबांच्या पायांपाशी बघायला लागल्या. बाबा खाली मान घालून दोरा ओवत होते, त्यांना काहीच दिसलं नाही.

मला दिसलं. मावशी मूठ उघडण्याआधीच पाखरं उतरत, ती काही मुठीकडे बघून नाही. तिचे पाय वाजत. तो आवाज म्हणजे कण्या. मावशी तापाने पडल्यापासून तो आवाजच परसात झाला नव्हता. मांजराचा यात काही संबंध नव्हता. आणि आता तो आवाज बाबा मांजराच्या गळ्यात बांधायला निघाले होते.

मी तेव्हाच खोकून बोलायला हवं होतं. पण त्यांच्याच बायकोच्या पायांतल्या दागिन्याविषयी परक्या पुरुषाशी मी काय बोलणार?  मी आत जाऊन यजमानांना सगळं सांगितलं, आणि बाबांना आजच्या आज सांगा म्हणून बजावलं. ते "हो हो" म्हणाले. दुसऱ्या दिवशी शाळेत डिपोटी साहेब तपासणीला येणार होते. त्या धांदलीत मास्तर स्वतःचं नाव विसरले नाहीत हेच खूप.

सकाळी बाबांनी काट्यांचा बोळ उपटून टाकला. बोका कौलांवर झोपला होता. बायजेच्या गळ्यात दोन घुंगरं बांधली, तिला उचलून अंगणात ठेवलं आणि लष्करी सलाम ठोकावा तसे पायरीवर ताठ उभे राहिले. बायजा चार पावलं चालली. छुम छुम. शेवग्यावरून पाखरं उतरली. एक नाही, दोन नाही, सगळी. दोन-अडीच महिन्यांची उपाशी असल्यासारखी, थेट तिच्या चारी पायांभोवती. बाबांचं तोंड आनंदाने उघडं पडलं. त्यांना वाटलं, बघा, शिट्टी असली की भरवसा येतो. तो आनंद मोजून पाच-सहा श्वास टिकला असेल. मग बायजेने काही विशेष न करता, म्हणजे नुसती मान वाकवून, एक बुलबुल तोंडात धरला.

बाबा धावले. आयुष्यात ते कधी धावले असतील असं मला वाटत नाही. त्यांनी मांजराच्या जबड्यातून पाखरू सोडवलं, पण ते गेलं होतं. ते तळहातावर घेऊन बाबा अंगणात तसेच उभे राहिले. मग मोठ्या माणसाने लहान मुलाला विचारावं तसं बायजेला म्हणाले, "शिट्टी दिली की गं तू. मग पाखरं खाली कशाला आली?"

मी दार उघडलं. पदर नीट घेतला की नाही तेही मला आठवत नाही. खोकलेही नाही. "बाबा, ती शिट्टीला घाबरत नाहीत," मी म्हटलं. "शिट्टीलाच येतात. मावशींच्या पायांचा आवाज आहे तो. कण्या घालताना तोच वाजायचा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. आम्ही वर्षभर एका छपराखाली राहत होतो, आणि माझं उघडं तोंड त्यांनी आज पहिल्यांदा बघितलं.  मग त्यांनी विचारलं, "आन् तवा ही बया कुठं असायची?"

"आत. मावशी आधी तिला नि बोक्याला सुकटीचा भात घालायच्या नि स्वयंपाकघराची कडी लावायच्या. पाखरांचं झालं की कडी काढायच्या."

"म्हंजे तीबी लायन बंद करायची."

"हो."

"कडी लावून."

"हो."

बाबांनी उपटलेल्या काट्यांकडे बघितलं, फळीकडे, इंजिनाच्या बांबूकडे. मग ते हसले. पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि नंतरचं पाणी हसण्याचं नव्हतं. "तीस वर्सं, मास्तरीणबाई," ते म्हणाले, "घाटात रातीच्या गाडीची शिट्टी मी दोन कोसांवरनं वळखायचो. आन् घरात बाईच्या पायांत काय वाजतं ते मला ठाव नाय." बुलबुलाला त्यांनी शेवग्याखाली पुरलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत, आणि मी पाठवलेला भातही परत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायजेला नि बोक्याला सुकटीचा भात मिळाला, कडी लागली. बाबांनी पुढचं दारही लावून घेतलं आणि घुंगरं परत ओवून मावशीची एक तोरडी सुतळीने स्वतःच्या घोट्याला बांधली. चांदी त्यांच्या जाड पायाला पुरी पडत नव्हती. सूप घेऊन ते परसात उतरले आणि चालायला लागले. पाखरं नुसती बघत राहिली. एकही हलली नाही. बाबा या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा गेले, तिसऱ्यांदा गेले. मला कारण कळलं. जन्मभर रुळांखालच्या लाकडांवरून चाललेला माणूस तो. एक ढांग, मग दुसरी ढांग. खळ्ळ. खळ्ळ. असा कुठे मावशीचा पाय वाजायचा?

बाबा पायरीपाशी आले आणि सूप खाली ठेवलं. कुंपणापलीकडून शेजारीणबाई बघत होत्या. "मास्तरीणबाई," बाबा खाली बघून म्हणाले, "ती चालायची कशी?"

मी अंगणात आले. लाज वाटली, नाही असं नाही. उघड्या परसात, परक्या माणसासमोर, मेलेल्या बाईची चाल करून दाखवायची. पण मावशीची चाल मला पाठ होती. ती घाईघाईने पाच-सहा बारीक पावलं टाकायची, मग एकदम थांबायची, एका पायावर भार देऊन सूप कमरेवर सरकवायची, पुन्हा बारीक पावलं. मी तशी चालले. माझ्या पायांत काही वाजत नव्हतं, पण बाबा टक लावून बघत होते. घाटात दिवा कोणत्या रंगाचा आहे ते बघावं तसे. मग त्यांनी सूप उचललं आणि ते माझ्या मागून चालायला लागले.

पहिल्यांदा चुकले. "बारीक," मी म्हटलं, "आणखी बारीक." एवढा मोठा माणूस, मिशा पांढऱ्या, एका पायात तोरडी, आणि ठुमकत ठुमकत पाच पावलं. थांबा. सूप सरकवा. पुन्हा. एरवी हे बघून मी हसून मेले असते. मी थांबले, ते एकटेच पुढे गेले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटून घेतले. आता कोणी शिकवायची गरज नव्हती, पाऊल अगदी तिचं पडत होतं.

शेवग्यावरून एक होला उतरला. मग चिमण्या, मग भांडत भांडत सातभाई, सगळे बाबांच्या पायांपाशी. बाबा थांबले. त्यांनी डोळे उघडले नाहीत. सूप तसंच कमरेवर धरून, अगदी हळू, ते म्हणाले, "आली."

पाखरं आली म्हणाले की ती आली म्हणाले, ते मी कधी विचारलं नाही.